मदत हवी आहे: सहा आठवडे काटा हलत नाही

ओले_काजू
सहा आठवडे झाले, काटा ७८ वर बसलाय. साखर बंद, तळण बंद, दिवसाला दोन चपात्या आणि एक वाटी भात, संध्याकाळी पाऊण तास चालणं. शाळेत होते तेव्हापासून हेच चाललंय, दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. त्यामुळे 'धीर धरा' कुणी लिहू नका. देवगडपासून आत गावात राहते. जिम नाही. चिया, किनोआ, ब्रोकोली इथे कुणी विकत नाही. नेमकं काय बदलू तेवढं सांगा. गणपती तीन आठवड्यांवर आलेत.

हिशेबनीस
वय, उंची, औषधं? पाळी नियमित आहे का? घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती लागतं? आणि वाटी म्हणजे कुठली, आमटीची की हळदीकुंकवात मिळालेला स्टीलचा वाडगा? शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १३० कॅलरी. वाटीत सव्वाशे ग्रॅम बसतो, वाडग्यात तीनशे.

दोनच_वेळा
मोजत बसायची गरजच नाही. दीक्षित पद्धत करा. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत ताट संपवायचं, मधे पाणी किंवा पातळ ताक. विषय संपला.

हिशेबनीस
औषधं कळल्याशिवाय हे सांगू नये. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण पुढे ढकललं तर रक्तातली साखर खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात.

दोनच_वेळा
त्यांनी मधुमेह आहे असं कुठे म्हटलंय?

हिशेबनीस
नाही असंही कुठे म्हटलंय?

नांगर_मिस्त्री
काटा हलत नाही म्हणजे सुईचा स्प्रिंगवाला आहे काय? तर उलटा करून बघा. खाऱ्या हवेत स्प्रिंगला आणि तरफेच्या टोकांना गंज धरतो, मग सुई एका जागी अडकते. गंज ब्रशने झाडा, मशीनचं तेल थेंबभरच सोडा, बाजूच्या चाकाने शून्य जुळवा. मग उभं राहून आकडा बघायचा, उतरायचं, दोन किलो साखरेची बंद पिशवी हातात घेऊन पुन्हा चढायचं. फरक दोनचाच यायला हवा.

दोनच_वेळा
मिस्त्री, त्या वजनाबद्दल विचारतायत, काट्याबद्दल नाही 😄

आगळवाली
ताई, सकाळी उपाशीपोटी दोन चमचे कोकम आगळ, म्हणजे कोकमाचा खारा रस, कोमट पाण्यात. चरबी वितळते. आमच्याकडे सगळे घेतात.

हिशेबनीस
चरबी वितळत नाही. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं, त्यावरून हा समज पसरलाय. कोकमाच्या भाऊबंदातल्या गार्सिनिया कंबोजियाच्या गोळ्या खाऊन यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. शिवाय आगळात मीठ भरपूर, रक्तदाब असेल तर रोज नको.

आगळवाली
बाटलीतल्या गोळ्या वेगळ्या आणि घरचं आगळ वेगळं. मीठ नाही घातलं तर ते टिकेल कसं? साखरेचं असतं ते सरबत. लोकांना यातला फरकच माहीत नसतो. आणि स्टीलच्या डब्यात ठेवू नका कुणी, काचेची बरणीच हवी.

ओले_काजू
मीठ-साखरेवरून भांडू नका प्लीज. वय ४२, उंची १५७ सेंटीमीटर. पाळी नियमित. घरात चार माणसं, तेल महिन्याला चार लिटर. मधुमेह नाही. औषध काही नाही, फक्त थायरॉईडची ७५ची गोळी, ती तर आता घरोघरी असते. आणि वाडगाच आहे.

हिशेबनीस
'औषध काही नाही, फक्त थायरॉईडची' 🙏 गोळी कधी आणि कशाबरोबर घेता? नारळ किती लागतो?

ओले_काजू
सकाळी चहाबरोबर. नारळ दुपारच्या वाटपाला एक कवड, म्हणजे अर्धा. घरचाच नारळ आहे.

हिशेबनीस
घरचा असला तरी कॅलरी तेवढ्याच.

आधी गोळी. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा-नाश्ता किमान अर्ध्या तासाने, तासाने झाला तर उत्तम. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. डबी चुलीजवळ किंवा न्हाणीघरात नको, दमट हवेने गोळी खराब होते. चहामुळे ती नीट शोषली जात नसावी. आता शोषण वाढलं तर आहे तोच डोस जास्त ठरू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी थायरॉईडची टीएसएच रक्ततपासणी करा. डोस मनाने बदलू नका. यातून वजनात थोडाच फरक पडेल, आणि तोही बराचसा पाण्याचा.

आता तेल. लिटरभर तेल म्हणजे सुमारे ८,२०० कॅलरी. माणशी लिटर, म्हणजे रोज २७०च्या वर. तळण बंद असून चार लिटर, तर ते फोडणीत आणि चपातीवर जातंय. कवडीतलं खोबरं शंभर ग्रॅम धरा, ३५० कॅलरी, तुमच्या वाट्याला नव्वद. दोन्ही मिळून रोजच्या ३६०. पाऊण तासाच्या चालण्याने दीडशेच्या आसपास जातात.

तेल माणशी ६०० मिलीवर आणा, म्हणजे दिवसाला चार छोटे चमचे. एक तारखेला आपल्या वाट्याचं वेगळ्या बाटलीत ओतून ठेवलं की डोळ्यांना कळतं. वाटपात अर्धी कवड, दाटपणा कांदा भाजून आणायचा. सोलकढीला पहिला रस घरच्यांना, तुम्हाला दुसरा-तिसरा.

पेज_आणि_मीठ
तांदूळ उकडा घ्या म्हणजे हा हिशेबच करावा लागणार नाही. उकड्याने वजन वाढत नाही.

हिशेबनीस
कच्चा शंभर ग्रॅम घेतला तर उकडा काय आणि सुरय (न उकडलेला) काय, दोन्ही साडेतीनशेच्या घरात. उकडा चावून खावा लागतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, एवढाच फायदा. पेजेत पाणी जास्त म्हणून तांदूळ कमी जातो.

पेज_आणि_मीठ
म्हणजे फायदा आहेच ना. सोबत खारा बांगडा, बाकी काही नको.

नांगर_मिस्त्री
श्रावणात बांगडा?

हिशेबनीस
खाऱ्या मासळीच्या मिठाने अंगात पाणी धरतं, दुसऱ्या दिवशी किलोभर चढलेलं दिसतं. खायचीच तर दोन पाण्यांत भिजवून.

पण बांगड्यावरून प्रथिनांचा मुद्दा निघाला ते बरं झालं. वारंवार उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातो, परत येते ती मुख्यतः चरबी. म्हणून दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसच्या जवळपास, एका अंड्यात सहा. श्रावणात कुळीथ: शंभर ग्रॅममध्ये बावीस, पण पिठीला माणशी तीस ग्रॅमच पीठ लागतं, म्हणजे सहा-सात. नुसत्या पिठीवर भागत नाही. मोडाचे मूग, दही, पनीरही लागेल. आठवड्यातून तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठबस, १० च्या तीन फेऱ्या. सोपं झालं की पाच लिटरचा पाण्याचा कॅन छातीशी धरून.

मोदकप्रेमी
गणपतीचा हिशेब देऊन ठेवतो. एका मोदकात खोबरं २० ग्रॅम, गूळ १५, पिठी १५, म्हणजे १८०. तुपाचा चमचा ४५. पाच खाल्ले की ११२५. कळी पाडताना पारी फाटत असेल तर उकड कमी मळलीय.

ओले_काजू
मोदकांचं कुणी विचारलं होतं? असो. मिस्त्री, काटा स्प्रिंगचाच आहे. साखर घेऊन चढले. ७८. साखर ठेवून चढले. ७८.

नांगर_मिस्त्री
मग सहा आठवड्यांत वजन उतरलं की चढलं ते देवालाच ठाऊक. नवीन घ्याल तो डिजिटल घ्या, लादीवर ठेवा, सतरंजीवर नाही. काही स्वस्त काटे मागचा आकडा लक्षात ठेवून थोड्या फरकाला तोच पुन्हा दाखवतात, म्हणून आधी साखर घेऊन चढायचं, म्हणजे जुना आकडा पुसला जातो, मग मोकळ्या हाताने.

हिशेबनीस
रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासरीशी सरासरी ताडायची. पाळीआधीचे दिवस मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी. टेप घेऊन कंबरही मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडे बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत असावी म्हणतात.

ओले_काजू
९४. पण आधीची लिहून ठेवलेली नाही. परकराच्या नाडीला जुन्या गाठीची चुरगळलेली खूण आहे, ती हल्ली गाठीच्या बाहेर लोंबत्या टोकावर येते. तीन बोटं.

नांगर_मिस्त्री
एका टोकावर तीन, की दोन्ही टोकांवर तीन-तीन? दोन्हीकडे असतील तर दहा सेंटीमीटर होतात.

ओले_काजू
थांबा, बघून सांगते.