महिनाभर न भरलेला फोड: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी-२०३ काकू: तोंड आल्यावर लावायचं चांगलं जेल कुणाला माहीत आहे का? ह्यांच्या जिभेच्या कडेला फोड आहे, आणलेली ट्यूब संपली तरी जात नाही.

ए-५०१: बी कॉम्प्लेक्स द्या काकू. पोट साफ नसेल.

बी-३०४ काका: उष्णता, दुसरं काय.

ए-१०४ डेंटिस्ट: काकू, कधीपासून आहे? दुखतोय का?

सी-२०३ काकू: महिना होत आला. दुखत नाही, म्हणून तर हे निवांत आहेत. कवळीची तार लागते म्हणतात.

ए-१०४ डेंटिस्ट: दुखत नाही हेच मला आवडलं नाही. नेहमीचं तोंड येतं ते झोंबतं, जेवू देत नाही आणि फार तर दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. तार टोचून जखम होते हे खरं. पण टोचणारी तार घासली, कवळी काढून ठेवली, की तीही पंधरा दिवसांत भरायला हवी. नाही भरली तर कॅन्सर नाही ना, हे तुकडा काढून तपासायचं. जेलनं तेवढ्यापुरती आग थांबते, दिवस मात्र निघून जातात.

बी-३०४ काका: डॉक्टर, सकाळी सकाळी घाबरवताय लोकांना.

ए-१०४ डेंटिस्ट: काका, घाबरवत नाही, दिवस मोजायला सांगतेय. असे बरेच फोड साधेच निघतात. पण साधा आहे हे कुणीतरी तोंडात बघून सांगायला हवं. आणि काकू, फोटो पाठवू नका. फोटोत रंग दिसतो, टणकपणा कळत नाही. ग्लोव्ह घालून बोटानं दाबून बघावं लागतं. कडा कडक, उचललेल्या लागल्या तर आम्ही थांबत नाही.

ए-५०१: पण काकू, तुमच्या मिस्टरांना तर कसलंच व्यसन नाही ना?

सी-२०३ काकू: तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही. फक्त सुपारी, तीही साधी.

ए-१०४ डेंटिस्ट: इथेच सगळे फसतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिने २००४ मध्ये नुसत्या सुपारीला, तंबाखू नसलेल्या, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि दारू त्याच गटात आहेत, आणि ही दोन्ही एकत्र असली तर धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. सुपारीनं आधी तिखट झोंबायला लागतं. मग गाल आतून पांढरट, ताठ होतात, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड कमी उघडतं. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर दाखवा. आलेला ताठपणा पूर्ण परत जात नाही, म्हणून सुपारी आजच बंद.

डी-६०२: [फॉरवर्ड] बायोप्सी चुकूनही करू नका!! सुरी लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. सर्वांना पाठवा.

सेक्रेटरी: कृपया असले फॉरवर्ड नकोत.

ए-१०४ डेंटिस्ट: बरं झालं आलं, एकदाचं बोलून टाकते. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात, माणूस त्याच दिवशी घरी. त्यानं कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो ‘बघू पुढच्या महिन्यात’नं. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असेल, मानेत उतरली नसेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनवर भागतं. मानेच्या गाठींत गेली की ऑपरेशन मोठं होतं आणि वर रेडिएशन, कधी केमोही लागते.

बी-३०४ काका: हे फुल बॉडी चेकअपमध्ये निघत असेल ना? मी दरवर्षी करतो.

ए-१०४ डेंटिस्ट: रक्ताच्या तपासणीत नाही दिसत काका. टॉर्च लागतो आणि बघणारा माणूस. केरळात तिरुवनंतपुरमला प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासत होते. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. ना स्कॅन, ना मशीन.

ए-५०१: मग घरी आरशात काय बघायचं?

ए-१०४ डेंटिस्ट: कवळी काढायची. ओठ उलटून, गाल ताणून बघायचं. जीभ स्वच्छ कापडानं धरून दोन्ही बाजूंना ओढा. कडा आणि जिभेखालची जागा, हीच लोक विसरतात. पुसून न जाणारा पांढरा डाग, मखमलीसारखा लाल चट्टा (हा जास्त वाईट), विनाकारण हललेला दात, ओठाला बधिरपणा, मानेत गाठ. यातलं काहीही दोन आठवडे टिकलं तर दाखवायचं. आरशात काही दिसलं नाही म्हणून डेंटिस्टकडे जाणं टाळू नका, मागच्या दाढेपलीकडचं स्वतःला दिसत नाही.

डी-६०२: सॉरी, मेसेज डिलीट केला. मी दिवसाला दोनच सिगारेटी ओढतो, त्यानं काय होणार?

ए-१०४ डेंटिस्ट: दोनच आहेत तर सोडायला सोप्या. निकोटीनची च्युइंगम मिळते, पाकिटावर हेल्पलाइन नंबर असतो, तोच फिरव. सोडल्यावर धोका हळूहळू उतरतो.

सी-२०३ काकू: डॉक्टर, उद्या अकराला ह्यांना घेऊन येते. कवळी घरीच ठेवू का?

ए-१०४ डेंटिस्ट: नको, डबीत घालून आणा. तार बघायची आहे. पण आजपासून तोंडात घालू देऊ नका.