लॉक-इनसाठी थांबू नका

जोडीदार छळतो, पण भाड्याच्या घराचा लॉक-इन (ज्या ठरलेल्या महिन्यांत करार मोडायचा नसतो) संपलेला नाही, तर घर सोडू का, असं तुम्ही विचारलंत. त्यावर 'लॉक-इन संपेपर्यंत कळ काढ, नाहीतर डिपॉझिट जाईल' असा सल्ला वर कुणीतरी दिलाय. ताई, तो मनावर घेऊ नका. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा, करार लॉक-इनमध्ये मोडला तर मालक उरलेल्या महिन्यांचं भाडं मागू शकतो, हे खरं. पण तो पैशाचा वाद झाला, गुन्हा नव्हे.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भाड्याचं घरही येतं, करार कुणाच्याही नावावर असो. लग्न न करता नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. कलम 19 खाली कोर्ट छळणाऱ्या जोडीदाराला घराबाहेर काढू शकतं, किंवा तुमच्या दुसऱ्या घराचं भाडं त्याला भरायला लावू शकतं. हे कितीजणींना कुणी सांगतच नाही, याचा मला फार संताप येतो.

करारावर दोघांची नावं असतील तर मालकाला ईमेलने कळवा: अमुक तारखेपासून मी इथे राहत नाही, माझं नाव कमी करा. पण हे घराबाहेर पडल्यावरच, आणि नवा पत्ता अजिबात लिहू नका. मालकाची आणि त्याची जिन्यात रोज गाठ पडत असेल. कराराची प्रत, आधार, पासबुक आधीच मैत्रिणीकडे ठेवा.

महिला हेल्पलाइन 181. तक्रार जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे देता येते. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, पगार कितीही असला तरी.