आईचं फॅमिली पेन्शन, एफडीवर कापलेला टीडीएस आणि ऊसबिल: रिटर्न कोणतं आणि कसं भरायचं?

वाळव्याची लेक (१९ ऑगस्ट २०२५)

नमस्कार. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, जानेवारी २०२४ मध्ये गेले. त्या वर्षीचं त्यांचं आयकर रिटर्न वारस म्हणून मी भरलं, ते काम संपलं. आता प्रश्न आईचा. वय ६७, गावी राहते, मी पुण्यात. तिने आजवर रिटर्न कधीच भरलेलं नाही.

२०२४-२५ चा हिशोब असा. फॅमिली पेन्शन महिना २८,०००, म्हणजे वर्षाचे ३,३६,०००. तिच्या नावच्या एफडींचं व्याज १,६०,०००, त्यावर बँकेने १६,००० टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) म्हणून कापले. आणखी एक एफडी बाबा पहिले, आई दुसरी अशी होती. ती आईच्या एकटीच्या नावावर व्हायला यंदाचा मार्च उजाडला, त्यामुळे तिचं ६०,००० व्याज आणि ६,००० टीडीएस बाबांच्याच पॅनवर पडलाय. बचत खात्याचं व्याज ९,४००. गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीचं १८,०००, तिथे काही कापलेलं नाही. शेत आईच्या नावावर आहे, उसाचे खर्च वजा जाता १,४०,००० उरले. शिवाय बाबांच्या विम्याचे पैसे एप्रिल २०२४ मध्ये जमा झाले.

तालुक्याला एकजण रिटर्नं भरून देतो. तो म्हणतो, कापलेले २२,००० पूर्ण काढून देतो, वीस टक्के माझे. कसे काढणार विचारलं तर म्हणे, दीड लाखाची ८०सी, म्हणजे गुंतवणुकीवरची वजावट, दाखवायची, कागद कोण मागत नाही. आईने असली कुठलीच गुंतवणूक केलेली नाही आणि खोटं लिहून द्यायला ती तयार नाही. पण २२,००० तिच्यासाठी मोठी रक्कम आहे. सरळ मार्गाने यातले किती परत मिळतील?

कोथरूडचा सुहास

आयटीआर-१ हा फॉर्म भरून टाका. आयकर पोर्टलवर बरंचसं आधीच भरलेलं येतं, दहा मिनिटांचं काम. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, ते दाखवायची गरजच नाही.

कराडकर काकू

मी सहकारी बँकेच्या ठेव विभागातून निवृत्त झाले. आता आमच्या पेठेतल्या पेन्शनरांची रिटर्नं भरायला मदत करते, पैसे घेत नाही. तुझ्या आईसारख्या बायका काउंटरवर खूप पाहिल्यात. नवरा गेल्यावर पासबुक पहिल्यांदा हातात येतं आणि त्यात 'टीडीएस' लिहून पैसे वजा झालेले दिसतात. कोणी सांगत नाही की ते परत मागता येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी महत्त्वाचं: २२,००० च्या २२,००० परत मागायचा तुझ्या आईला हक्क आहे. एक अक्षर खोटं न लिहिता. त्या माणसाला ४,४०० रुपये द्यायचं काहीही कारण नाही.

आकडे बघ. फॅमिली पेन्शन हे 'पगार' या सदरात येत नाही, 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न' यात येतं. बरेच जण ते पगारात टाकतात आणि ७५,००० ची प्रमाणित वजावट घेतात, ते चूक आहे. ती वजावट ज्याची स्वतःची पेन्शन आहे त्याला. फॅमिली पेन्शनला वेगळी वजावट आहे: पेन्शनचा एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा, जे कमी असेल ते. कर मोजायच्या दोन पद्धती आहेत, त्यातली एक आपण निवडायची. ही मर्यादा जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून २५,०००.

नव्या पद्धतीच्या २०२४-२५ च्या नियमांनी ३,३६,००० मधून २५,००० गेले, राहिले ३,११,०००. सगळं व्याज मिळून २,४७,४००. एकूण ५,५८,४००. पहिल्या तीन लाखांवर कर नाही, पुढच्या २,५८,४०० वर ५ टक्के म्हणजे १२,९२०. पण करपात्र उत्पन्न सात लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए ची सूट २५,००० पर्यंत मिळते. म्हणजे कर शून्य, आणि कापलेलं सगळं परत.

आता जुनी पद्धत. ज्येष्ठांना व्याजावर ८०टीटीबी ची ५०,००० वजावट आहे. ती बँक, सहकारी बँक आणि पोस्टातल्या ठेवींसाठी. पतसंस्थेचं व्याज त्यात धरू नये. ती धरूनही उत्पन्न ५,१८,४०० होतं. पाच लाखांची रेघ ओलांडली की त्या पद्धतीतली सूट पूर्ण जाते. आणि इथे ऊसही आडवा येतो, म्हणून सुहासरावांचा सल्ला मला पटला नाही. शेतीवर थेट कर नाही हे खरं, पण बाकीच्या उत्पन्नाला कोणता दर लावायचा हे ठरवताना शेतीचं उत्पन्न त्यात मिळवून बघतात. तसा हिशोब केला तर जुन्या पद्धतीत उपकरासह ३६,०६७ रुपये कर निघतो! नव्या पद्धतीत ऊस मिळवूनही बेरीज ६,९८,४०० होते, म्हणजे ५ टक्क्यांच्याच टप्प्यात राहते. त्यामुळे कर तेवढाच, आणि सुटीने शून्य.

तो माणूस जुनी पद्धत धरून बसलाय, म्हणून त्याला खोट्या ८०सी ची गरज पडते. त्याला नवी पद्धत माहीत नाही असं मी मानणार नाही. नव्या पद्धतीत 'काढून देण्यासारखं' काही उरत नाही, मग वीस टक्के कशाचे मागणार?

फॉर्म आयटीआर-२. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही. दुसऱ्याच्या पॅनवर कापलेला टीडीएस मागायचा असेल तरी चालत नाही. तुझ्याकडे दोन्ही आहे. आयटीआर-२ दिसायला लांबलचक आहे, पण तुला त्यातली मोजकीच पानं लागतील. शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने जमिनीचा तपशील मागत नाहीत. एकूण उत्पन्न, खर्च आणि निव्वळ एवढंच लिहायचं. ऊसबिलं, खताच्या आणि तोडणीच्या पावत्या, सातबारा मात्र फाइलला ठेव. विम्याची मृत्यू दाव्याची रक्कम करमुक्त असते, ती करमुक्त उत्पन्नाच्या पानावर लिही.

बाबांच्या पॅनवरच्या ६,००० चं सगळ्यात आधी बघ. बँकेला आईच्या सहीने लेखी अर्ज दे: पहिल्या ठेवीदाराचं निधन अमुक तारखेला झालं, त्यानंतरचं व्याज माझं आहे, आयकर नियम ३७बीए प्रमाणे टीडीएस माझ्या पॅनवर दाखवून तिमाही विवरणपत्र दुरुस्त करावं. सोबत मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि ठेवपावतीची झेरॉक्स. एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस. ही दुरुस्ती बँकेला करता येते. 'आता काही होत नाही' असं उत्तर मिळालं तर शाखा व्यवस्थापकाकडे जा. दुरुस्ती झाली की रक्कम आईच्या २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या विभागाकडच्या उताऱ्यात, दिसते. मुदतीपर्यंत नाही झाली तर आयटीआर-२ मध्ये टीडीएसच्या तक्त्यात 'दुसरी व्यक्ती' निवडून बाबांचा पॅन घालता येतो. फक्त ते ६०,००० व्याज आईच्या उत्पन्नात धरलेलं हवं. व्याज सोडून नुसता टीडीएस मागता येत नाही.

मिरजेची अनघा

काकूंनी लिहिलंय ते अगदी मनापासून पटलं. आमच्याकडे अशाच एका एजंटाने माझ्या नवऱ्याच्या रिटर्नमध्ये राजकीय पक्षाला देणगी दाखवली होती, कलम ८०जीजीसी. आम्हाला पत्ताच नव्हता. ईमेल आणि मोबाइल दोन्ही त्याने स्वतःचेच टाकले होते. रिफंड आला, त्याने त्याचा वाटा नेला. दीड वर्षाने विभागाकडून पावती द्या असं पत्र आलं, तेव्हा तो फोन उचलेना. आम्ही अपडेटेड रिटर्न भरून कर, व्याज आणि वर जादा कर भरला. सही आपली असते, उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. पोर्टलवर प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते सगळ्यांनी आजच बघा.

कराडकर काकू

अनघा, वेळेत भरलंत ते फार बरं केलंत. मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर दंड कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो. आणि ती रक्कम एजंटाच्या खिशातून जात नाही.

वाळव्याची लेक

काकू, किती आभार मानू! तुमचं उत्तर आईला फोनवर वाचून दाखवलं. पतसंस्थेच्या १८,००० बद्दल विचारायचंय. आईच्या एआयएसमध्ये ते दिसतच नाहीत. तरी लिहायचे ना? दुसरं, आईच्या आधारला बाबांचा मोबाइल नंबर जोडलेला आहे आणि ते सिम बंद झालंय. ओटीपी कसा येणार?

कराडकर काकू

लिहायचे. एआयएस म्हणजे बँका आणि इतरांनी विभागाला कळवलेली माहिती. पतसंस्थेचं व्याज त्यात पुष्कळदा नसतं, म्हणून ते करमुक्त होत नाही. मी कुणाचंही रिटर्न भरताना आधी पासबुकं आणि ठेवींचे व्याजाचे दाखले घेऊन बसते, एआयएस नंतर उघडते. उलटंही होतं: एकच व्याज एआयएसमध्ये दोनदा आलेलं असतं. तिथे त्या नोंदीवर 'फीडबॅक' देता येतो. आणि हे १८,००० धरूनही आईचा कर शून्यच येतोय, तेव्हा लपवून काय मिळणार?

आधारचा नंबर बदलायला आईला स्वतः आधार केंद्रावर जावं लागेल, बोटांचे ठसे घेतात. थोडं शुल्क घेतात. वाळव्याहून एवढ्यासाठी जायला लागतंय, पण हे टाळू नकोस, पुढे प्रत्येक कामाला ओटीपी लागणार आहे. नंबर लगेच बदलला नाही तरी रिटर्न अडत नाही. आईचं नेट बँकिंग असेल तर त्यातून पडताळणी होते. तेही नसेल तर आयटीआर-व्हीची, म्हणजे रिटर्नच्या पोचपावतीची, प्रत काढून आईची निळ्या शाईने सही घे आणि बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला, पिन ५६०५००, स्पीड पोस्टाने पाठव. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी व्हायला हवी. त्यानंतर केली तर पडताळणीची तारीखच रिटर्नची तारीख धरतात, आणि केलीच नाही तर रिटर्न भरलेलं धरत नाहीत.

रिफंडचं खातं पोर्टलवर आधी प्रमाणित करून घे. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळायला हवं. आमच्याकडे एका वहिनींच्या पॅनवर माहेरचं नाव होतं आणि पासबुकावर सासरचं, रिफंड तिथेच अडकला होता.

फलटणचा विजय

थोडं वेगळं विचारतो. माझे वडील डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांचंही रिटर्न भरायला लागेल का? पोर्टलवर वारस म्हणून नोंद करायची तर न्यायालयाचं प्रमाणपत्र हवं असं एकाने सांगितलं.

कराडकर काकू

एप्रिल ते त्यांच्या निधनाच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न मर्यादेच्या वर असेल, किंवा टीडीएस परत हवा असेल, तर भरायचं. ते वारसाने भरायचं असतं. न्यायालयाचंच प्रमाणपत्र हवं असं नाही. तहसील कार्यालयाकडचा वारसदाखला चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं, सरकारी फॅमिली पेन्शनचं प्रमाणपत्र चालतं, किंवा तुम्ही वडिलांच्या खात्यावर नॉमिनी अथवा संयुक्त खातेदार असाल तर बँकेचं शिक्क्याचं पत्रही चालतं. तुमच्या लॉगिनमधून 'ऑथराइज्ड पार्टनर्स' मध्ये 'रिप्रेझेंटेटिव्ह असेसी' म्हणून नोंदणी करा, प्रकार 'मृत व्यक्ती' निवडा. मंजुरीला काही दिवस जातात आणि यंदाची, २०२५ ची, मुदत १५ सप्टेंबरची आहे, म्हणून आजच अर्ज टाका.

वाळव्याची लेक (३० ऑगस्ट)

आज आईला घेऊन बँकेत गेले. आधी 'आता काही करता येत नाही' हेच ऐकायला मिळालं. व्यवस्थापकांना नियमाचा क्रमांक दाखवल्यावर त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली. तिथेच १५एच, म्हणजे टीडीएस कापू नका असं बँकेला सांगायचा ज्येष्ठांचा फॉर्म, भरायचा का? यंदा पुन्हा व्याजातून टीडीएस कापणार असतील तर?

कराडकर काकू

आजच भरून दे. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर टीडीएसची मर्यादा वर्षाला एका बँकेत एक लाख झाली आहे, पण आईचं व्याज त्याच्या वर जातं. यंदाच्या, म्हणजे २०२५-२६ च्या, वर्षासाठी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सूट आहे, त्यामुळे कर शून्य येणार आणि १५एच देण्याला ती पात्र आहे. तो दर वर्षी नवा द्यावा लागतो, आणि प्रत्येक बँकेत वेगळा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायची सवय लाव. या वर्षी आतापर्यंत कापलं असेल ते बँक परत देणार नाही, ते पुढच्या रिटर्नमधून मागायचं.

रिफंडवर एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. ते पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरायचं, वहीत आत्ताच लिहून ठेव. आणि आयटीआर-२ भरताना कुठे अडलीस तर त्या पानाचं नाव इथे लिही. पॅन किंवा आधारचा फोटो मात्र इथे टाकू नकोस.