बंद खोलीत क्षितिज कोठून आले? यथादर्शनातील काही शब्दांविषयी

प्रश्न

गेले काही आठवडे मी खोलीचा अंतर्भाग एकबिंदू यथादर्शनात (पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे आत जाणाऱ्या सर्व रेषा एका बिंदूकडे नेऊन) रेखाटण्याचा सराव करीत आहे. सरावाची टिपणे मराठीत लिहावीत असे ठरवले आणि पहिल्याच पानावर अडखळलो. 'खोलीची खोली दाखवणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळतात' असे वाक्य मी लिहिले होते. दुसऱ्या दिवशी ते वाचताना मलाच हसू आले. दालन या अर्थाची खोली आणि आत जाणारे अंतर या अर्थाची खोली, हे दोन्ही शब्द या विषयात पदोपदी लागतात आणि नेमके ते एकसारखेच आहेत.

त्याहून मोठी अडचण त्या बिंदूच्या, म्हणजे 'व्हॅनिशिंग पॉइंट'च्या, नावाची आहे. त्यासाठी मला लोपबिंदू, विलयबिंदू, अदृश्यबिंदू आणि संगमबिंदू असे चार शब्द वाचायला मिळाले. 'लोपबिंदू' हा शब्द मनात धरून मी पहिले चित्र काढले, तेव्हा सर्व रेषा त्या बिंदूपर्यंत नेऊन तेथे 'लुप्त' केल्या. परिणामी पाठीमागची भिंत बसवायला जागाच उरली नाही आणि खोलीऐवजी बोगदा तयार झाला. दोष माझ्या समजुतीचा होता हे मान्य आहे, पण त्या समजुतीला शब्दाने हातभार लावला असे वाटते. 'क्षितिजरेषा' या शब्दाचेही तसेच आहे: चारही बाजूंनी भिंती असलेल्या दालनात क्षितिज कोठून येणार? शिवाय मूळ विषयाला 'यथादर्शन' म्हणावे की 'यथार्थदर्शन', हेही जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. दोन्ही शब्द वापरात आहेत, परंतु माझा कौल 'यथादर्शन' या शब्दाला आहे. यथाशक्ती म्हणजे शक्तीप्रमाणे, यथामती म्हणजे मतीप्रमाणे. त्याच न्यायाने यथादर्शन म्हणजे जसे दिसते त्याप्रमाणे. 'यथार्थ' म्हटले की वस्तू मुळात जशी आहे तशी, असा अर्थ डोकावतो आणि या विद्येत तर नेमके उलटे करायचे असते. टेबलाचे चारही पाय सारख्या उंचीचे आहेत हे ठाऊक असूनही मागचे दोन पाय आखूड काढावे लागतात. टेबलाचा पृष्ठभाग आयत आहे हे माहीत असूनही कागदावर समलंब चौकोन काढावा लागतो. येथे ज्ञान बाजूला ठेवून दर्शनावर विश्वास ठेवायचा असतो आणि 'यथादर्शन' हा शब्द ते अचूक सांगतो. 'परिप्रेक्ष्य' हा तिसरा पर्यायही आढळतो, परंतु तो आता 'सामाजिक परिप्रेक्ष्य', 'ऐतिहासिक परिप्रेक्ष्य' अशा अमूर्त वापरात इतका रुळला आहे की पट्टी-पेन्सिल हातात असताना तो उपयोगी पडत नाही.

क्षितिजरेषेविषयीची आपली शंका रास्त आहे. क्षिती म्हणजे पृथ्वी, तिच्यापासून निर्माण झालेले ते क्षितिज. मोकळ्या मैदानात किंवा समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले असता ही रेषा प्रत्यक्ष दिसते आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच दिसते. बसले की ती खाली येते, उभे राहिले की वर जाते. खोलीत भिंतीमुळे ती झाकली जाते, नाहीशी होत नाही. तरीही खोलीचे चित्र शिकणाऱ्याला 'क्षितिजरेषा आखा' असे सांगणे मला गैरसोयीचे वाटते, कारण ती कोठे आखावी याचा काहीच बोध त्या शब्दातून होत नाही. 'दृष्टिपातळी' म्हटले की हात आपोआप योग्य जागी जातो. भिंत दहा फूट उंच असेल आणि पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर असतील, तर ही रेषा पाठीमागच्या भिंतीच्या बरोबर मध्यावरून जाईल. तोच माणूस जमिनीवर बसला आणि त्याचे डोळे अडीच फुटांवर आले, तर रेषा भिंतीच्या खालच्या पाव भागावर उतरेल, जमिनीचा पट्टा अरुंद होईल आणि छत भरपूर दिसू लागेल. या पातळीच्या खाली असलेल्या फळीचा वरचा पृष्ठभाग दिसतो, वर असलेल्या फळीचा तळ दिसतो आणि नेमक्या पातळीवरची फळी केवळ एक आडवी कड बनून राहते. एवढे सगळे 'दृष्टिपातळी' या एका शब्दातून उलगडते. खिडकीतून बाहेरचे मैदान दाखवायचे असेल, तेव्हा मात्र 'क्षितिज' हा शब्द जरूर वापरावा. ते याच पातळीवर येईल.

'खोली'च्या घोटाळ्यावर माझा साधा उपाय असा आहे की दालनाला 'खोली' म्हणावे आणि रेषांना 'आत जाणाऱ्या रेषा' म्हणावे. उभ्या, आडव्या आणि आत जाणाऱ्या, अशा तीनच दिशा एकबिंदू रचनेत महत्त्वाच्या असतात. उभ्या रेषा उभ्याच राहतात, आडव्या रेषा आडव्याच राहतात आणि फक्त आत जाणाऱ्या रेषा बिंदूकडे झुकतात. एकदा ही तीन साधी विशेषणे पक्की झाली की 'अभिसारी', 'चित्रप्रतलाला लंब' वगैरे शब्दांवाचून बराच काळ निभावून नेता येते.

दुसरा प्रतिसाद

लोपबिंदूची बाजू घ्यायला कोणी नाही असे दिसते, म्हणून लिहीत आहे.

पाणिनीने लोपाची व्याख्या 'अदर्शनं लोपः' (1.1.60) अशी केली आहे. लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ न दिसणे. 'अतः' आणि 'एव' यांचा संधी होऊन 'अतएव' होते, तेव्हा विसर्ग दिसेनासा होतो, पण त्याचे पूर्वीचे अस्तित्व गृहीत धरल्याशिवाय तो संधी समजत नाही. मराठीत आज आपण 'ती प्रथा लोप पावली' असे म्हणतो तेव्हा ती संपली असे आपल्याला म्हणायचे असते आणि प्रश्नकर्त्याची फसगत याच रूढ अर्थामुळे झाली. व्याकरणातला अर्थ घेतला तर हा शब्द या बिंदूला विलक्षण चपखल बसतो. समांतर रेषा प्रत्यक्षात कोठेही संपत नाहीत आणि मिळतही नाहीत. त्यांच्यातले अंतर तेवढे दिसेनासे होते. या निकषावर 'विलयबिंदू' मात्र मला कमी पसंत आहे, कारण विलयात विरघळून जाण्याची छटा आहे. 'अदृश्यबिंदू' तर सरळसरळ चुकीचा वाटतो. तो शब्द बिंदूच अदृश्य आहे असे सांगतो.

मात्र या बिंदूकडे सर्वांनी एकाच नजरेने पाहिलेले नाही, हेही लक्षात घ्यावे. इटालियन वास्तुविशारद आणि लेखक आल्बेर्तीने 1435 मध्ये चित्रकलेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याने याला केंद्राशी नाते सांगणारे नाव दिले. त्यात ना लोप आहे ना संगम. ग्विदोबाल्दो देल मोंते या इटालियन गणितज्ञाच्या 1600 सालच्या ग्रंथातील लॅटिन संज्ञेचा अर्थ 'एकत्र धावून येण्याचा बिंदू' असा होतो. 'नाहीसे होण्याचा बिंदू' ही इंग्रजी संज्ञा ब्रुक टेलर या गणितज्ञाने 1715 मध्ये रूढ केली. इटालियन आणि फ्रेंच भाषांत आजही जी संज्ञा आहे तिच्यात पळून जाण्याची कल्पना आहे. बिंदू एकच, पण कोणाला तेथे केंद्र दिसले, कोणाला भेट, कोणाला लोप, कोणाला पलायन. मराठीने इंग्रजी संज्ञेचेच भाषांतर केले पाहिजे असे बंधन मुळीच नाही. म्हणून शास्त्रीय लेखनात मी 'लोपबिंदू' लिहीन, परंतु नवशिक्याला शिकवताना 'संगमबिंदू' म्हणेन. रेषा कोठे रोखायच्या हे पेन्सिल हातात असलेल्याला कळले पाहिजे, पाणिनी त्याला नंतर भेटला तरी चालेल.

(जाता जाता लेखनाविषयी: 'लोपबिंदू', 'संगमबिंदू' यांत शेवटचा ऊकार दीर्घ असतो, तोच शब्द समासात आधी आला की ऱ्हस्व होतो, जसे 'बिंदुगामी'. 'एकबिंदू यथादर्शन' हे दोन शब्द सुटे लिहिल्यास ऊकार दीर्घच राहील.)

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. 'संगमबिंदू' मनात धरून काल पुन्हा बसलो आणि क्रम उलटा केला. आधी पाठीमागच्या भिंतीचा आयत काढला, त्यात दृष्टिपातळी आखली, तिच्यावर बिंदू घेतला, आणि रेषा बिंदूकडे नेण्याऐवजी बिंदूपासून आयताच्या चारही कोपऱ्यांतून बाहेर आणल्या. आयताच्या आतला भाग खोडल्यावर जमीन, छत आणि दोन भिंती आपोआप उभ्या राहिल्या. म्हणजे माझ्या चित्रात एकही रेषा बिंदूपर्यंत पोहोचतच नाही! बिंदू भिंतीवर आहे, आणि रेषा भिंतीच्या कडेशीच थांबतात.

आता नवी अडचण आली आहे. जमिनीवरच्या चौरस फरश्या मागे जाताना 'लहान होत जातात' असे वाचले होते. म्हणून मी प्रत्येक ओळीची रुंदी आणि उंची सारख्याच प्रमाणात कमी केली, पण जमीन मागच्या बाजूला वर चढल्यासारखी दिसते.

तिसरा प्रतिसाद

येथेही दोष शब्दाचाच आहे. मराठीत 'लहान' आणि 'आखूड' हे वेगळे शब्द आहेत आणि यथादर्शनात तो भेद जपलाच पाहिजे. आपल्याकडे तोंड करून असलेली वस्तू, उदाहरणार्थ समोरच्या भिंतीला लावलेली चौकट, दूर नेल्यास लहान होते. तिची उंची आणि रुंदी सारख्याच प्रमाणात घटते, आकार तोच राहतो. जमिनीवर आडवी पसरलेली फरशी मात्र लहानही होते आणि शिवाय आखूडही होते. ती आत जाणाऱ्या दिशेने आक्रसते.

हिशेब करून पाहू. पाहणाऱ्याचे डोळे पाच फुटांवर आहेत, फरशी एक फूट चौरस आहे आणि पहिली ओळ त्याच्यापासून दहा फुटांवर सुरू होते. त्या ओळीच्या पुढच्या कडेवर एका फुटाला 2 सेंटिमीटर हे प्रमाण घेतले, तर तेथे फरशी कागदावर 20 मिलिमीटर रुंद येते, पण तिची कागदावरची उंची सुमारे 9 मिलिमीटरच भरते. वीस फुटांवर सुरू होणाऱ्या ओळीत रुंदी 10 मिलिमीटर, म्हणजे बरोबर निम्मी होते. उंची मात्र सुमारे 2.4 मिलिमीटर उरते, म्हणजे जवळजवळ पाव. अंतर दुप्पट झाले की रुंदी निम्मी आणि उंची चौथाई, हे सूत्र लक्षात ठेवावे. आपण दोन्ही निम्मे केले, म्हणून मागच्या फरश्या उताणी पडण्याऐवजी आपल्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

प्रत्येक ओळीसाठी असा हिशेब करत बसण्याची गरज नाही. दृष्टिपातळीवरच, संगमबिंदूच्या एका बाजूला, 'अंतरबिंदू' घ्यावा. चौरस फरश्यांचे कर्ण 45 अंशांत आत जातात आणि एका दिशेचे सगळे कर्ण या बिंदूत मिळतात. त्याचे नाव फारच बोलके आहे, कारण संगमबिंदूपासूनचे त्याचे अंतर हे पाहणाऱ्याचे चित्रापासूनचे अंतरच असते, त्याच प्रमाणात मोजलेले. वरच्या उदाहरणात ते 20 सेंटिमीटर येईल. पुढच्या फरशीच्या कोपऱ्यातून या बिंदूकडे एक तिरपी रेषा ओढली की ती आत जाणाऱ्या रेषांना जेथे जेथे छेदते तेथे तेथे त्यामागच्या ओळीची आडवी रेषा येते. हा बिंदू हौसेने फार जवळ घेतला तर अगदी पुढच्या फरश्या रुंदीपेक्षा लांब दिसू लागतात आणि जमीन ताणल्यासारखी वाटते.

रेषा भिंतीशी थांबण्याविषयी आपण जे लिहिले ते मिलानमधील लिओनार्दोच्या 'अंतिम भोजन' या भित्तिचित्रातही पाहता येते. 1495 ते 1498 या काळातील त्या चित्रात छताच्या आणि बाजूच्या भिंतींच्या कडा पाठीमागच्या भिंतीशी थांबतात, आणि त्या मनाने पुढे वाढवल्यास ख्रिस्ताच्या मस्तकाशी मिळतात. तेथे भिंतीत खिळ्याचे छिद्रही आढळले आहे; रेषा आखण्यासाठी खिळ्याला दोरी बांधली असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो.

प्रश्नकर्ता

'लहान' आणि 'आखूड' यांतला फरक टिपणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. एकच शंका उरली. खोलीचे दार अर्धवट उघडे दाखवले, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या कडा माझ्या संगमबिंदूकडे जात नाहीत. मग या चित्राला 'एकबिंदू' म्हणता येईल का?

पहिला प्रतिसाद देणारे

म्हणता येईल. 'एकबिंदू' हे खोलीच्या मांडणीचे नाव आहे, त्यात ठेवलेल्या प्रत्येक वस्तूचे नव्हे. दार बंद असेल तर त्या कडा भिंतीचीच दिशा धरतात. ते उघडू लागले की त्या कडांचा वेगळा संगमबिंदू तयार होतो आणि दार आडवे फिरत असल्यामुळे तो दृष्टिपातळीवरच सरकत राहतो. तिरपी ठेवलेली खुर्चीही असेच स्वतःचे बिंदू घेऊन येते. झाकण वर उघडलेली पेटी मात्र दृष्टिपातळी सोडते. झाकण मागे कलले तर त्याच्या तिरप्या कडांचा बिंदू वर चढतो आणि पुढे कलले तर खाली उतरतो. चित्रात असे कितीही बिंदू आले तरी समोरची भिंत चौकोनीच राहिली आणि आत जाणाऱ्या कडा एकाच ठिकाणी मिळाल्या, तर ते चित्र एकबिंदूच आहे.