मदत हवी आहे : पेटीतल्या चिमणीच्या पिलांना उन्हापासून कसे वाचवावे?

नमस्कार. सोलापुरातील आमच्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर लावलेल्या लाकडी पेटीत चिमणीने घरटे केले असून आत पिले आहेत. दुपारी पारा ४२ अंशांवर गेला, की त्यांतले एक पिलू ३२ मिलिमीटरच्या भोकाशी येऊन, पिवळ्या कडांची चोच उघडी ठेवून धापा टाकत राहते. ते पाहवत नाही. चिमणीची पिले साधारण १५ दिवसांत घरटे सोडतात, म्हणजे यांना अजून चार-पाच दिवस तरी काढायचे आहेत. पेटी हलवली तर जोडी पिलांना टाकून जाईल, या भीतीने मी तिला हात लावलेला नाही. भिंतीवरून, पेटीपासून हातभर अंतर ठेवून, गोणपाटाची सावली केली तर नर-मादी बिचकतील का? छताखाली हवेसाठी छिद्रे ठेवायची राहून गेली, ती आता पाडावीत का? अनुभवी मंडळींनी कृपया लवकर सांगावे.