न्यूक्लिएशनला काय म्हणता? ('केंद्रकीभवन' सोडून)

मुठाकाठ
एक लेख मराठीत आणतेय, अडलेय. विषय गॅस हायड्रेट. पुरेशी थंडी आणि दाब असला की पाण्याचे रेणू पिंजरे बांधतात, आत मिथेन अडकतो; दिसायला बर्फ, काडी लावली तर पेटतो. याची अगदी पहिली सुरुवात, म्हणजे न्यूक्लिएशन, कधी होते हे मोजायचं कसं आणि त्या आकड्यांचं संख्याशास्त्र काय, असा लेखाचा रोख. मी 'केंद्रकीभवन' लिहिलं. सासऱ्यांना वाचायला दिलं तर म्हणाले, "अणुभट्टीचं आहे का?" मग 'बीजन' केलं, तर ते कृत्रिम पावसावर घसरले. वाक्य असं आहे: तेच पाणी, तेच भांडं, तोच दाब, तरी एकदा वीस मिनिटांत न्यूक्लिएशन होतं, एकदा रात्र सरली तरी होत नाही. इथे काय बसवू?

गुऱ्हाळकर
'दाणा धरणे'. आमच्यात गुळाला, काकवीला, मधाला सगळ्याला हेच. "रस चांगला होता पण दाणा धरला नाही" हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. 'भवन' कशाला मध्ये?

तुपाळ
त्याहून 'कणी धरणे'. आई तूप कढवून पातेलं कोपऱ्यात ठेवायची आणि आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही. "हलवू नका, कणी बारीक पडेल." घाईत फ्रीजमध्ये ठेवलेलं तूप नुसतं थापून बसतं, सावकाश गार झालेलं रवाळ होतं. कमी ठिकाणी सुरुवात झाली की कण मोठे, हे तिला पुस्तकाशिवाय माहीत होतं.

शुद्धमती
परिभाषा स्वयंपाकघरात ठरत नाही. 'कणी' म्हणजे तांदळाचा तुकडाही. शास्त्रीय लेखात 'कणी धरण्याचा दर' लिहाल? 'केंद्रक' शाळेतल्या पेशीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. 'दिनांक', 'महापौर' हे शब्दही पहिल्या दिवशी हास्यास्पदच वाटले होते.

तुपाळ
भात कच्चा राहिला की आपण काय म्हणतो? "कणी राहिली." म्हणजे दाण्याच्या आतला गाभा. न्यूक्लियसचं मूळही लॅटिनमधल्या कवचाच्या फळातल्या गराकडेच जातं. आणि तुमचं 'केंद्र' ग्रीक 'केंत्रॉन'वरून ज्योतिषाच्या वाटेने आलेलं. शुद्ध कोण ते ठरवा.

पर्थचा पाहुणा
पाइपलाइनवाला आहे, म्हणून बोलतो. १९३४ साली हॅमरश्मिटने दाखवलं की थंडीत गॅसवाहिन्या तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे, हायड्रेटने. तेव्हापासून आमच्या धंद्याची ही डोकेदुखी. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात गळत्या तेलविहिरीवर उतरवलेला घुमटही यानेच तुंबला.
शब्दाबद्दल: 'बीजन', 'अंकुरण', 'विरजण' ही तिन्ही फसवी. बी आणि विरजण बाहेरून घालावं लागतं. इथे कोणी काही घालत नाही. रेणूंचे पुंजके जुळतात, मोडतात. एखादा ठरावीक आकाराच्या पुढे गेला की मग मोडत नाही, वाढतो. खडीसाखरेच्या दोऱ्यासारखी भांड्याची भिंत मदत करते, तेवढंच. म्हणून 'धरणे' मला पटतं.
पण एक मेख आहे. ४ अंशांना मिथेन हायड्रेटला साधारण ४० बार दाब लागतो, तेवढा असला तरी लगेच धरत नाही, आणखी काही अंश खाली उतरावं लागतं. आणि धरलं ते आम्हाला दिसत नाहीच. दाब घसरतो, तापमानाच्या रेषेला छोटं टेंगूळ येतं, तेव्हा कळतं. म्हणजे मोजतो तो जन्म नव्हे, बाळाचा पहिला आवाज. मूळ लेखात हा फरक केलाय का?

मुठाकाठ
केलाय, आणि तिथेच 'इंडक्शन टाइम' आहे, म्हणजे धरल्याचं कळेपर्यंत जाणारा वेळ. मी 'प्रतीक्षाकाळ' लिहिलंय.

सरासरी
प्रतीक्षाकाळ उत्तम. मी संख्याशास्त्र शिकवते. परिस्थिती कायम ठेवली तर हे पॉसाँ प्रक्रियेसारखं वागतं, म्हणजे दर क्षणी धरण्याची शक्यता तेवढीच (पॉयझन म्हणू नका, त्या फ्रेंच नावाचा अर्थ मासा). सरासरी प्रतीक्षाकाळ उलटेपर्यंत सुमारे ६३ टक्के नमुने धरलेले असतात, ३७ टक्के अजून तसेच. प्रमाणित विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, सरासरीइतकंच, म्हणून दोनचार प्रयोगांवर निष्कर्ष काढणं म्हणजे अंदाजपंचे. शेकडो वेळा गोठवा, वितळवा. आणि वेळ संपेपर्यंत जे धरले नाहीत ते गाळू नका, ती सुद्धा माहिती आहे. त्यांना 'सेन्सॉर्ड' म्हणतात; कोणी 'सेन्सॉर झालेले' लिहिलं तर मी भांडेन. 'अपुरी राहिलेली नोंद' लिहा.

मुठाकाठ
बाई, तुमच्याकडूनच हवं होतं. लेखात एकीकडे म्हटलंय की या वितरणाला स्मृती नसते, किती वाट पाहिली याचा पुढच्या क्षणावर परिणाम नाही. आणि दोन पानांनी 'मेमरी इफेक्ट': एकदा हायड्रेट होऊन वितळलेलं पाणी पुन्हा गार केलं तर लवकर धरतं. दोन्हीकडे 'स्मृती' लिहिलं तर वाचक मला वेडी म्हणेल.

शुद्धमती
'स्मृतिपरिणाम' आणि 'निःस्मृती'. सोपं आहे.

पर्थचा पाहुणा
'पाण्याची स्मृती' कृपा करून नको, होमिओपॅथीवाले धागा ताब्यात घेतील. पाणी जास्त तापवलं की हा गुण जातो. 'पूर्वसंस्कार' कसं वाटतं?

गुऱ्हाळकर
संस्कार! पाण्याची मुंज करा आता.
आपल्याकडचं काही घाला की लेखात. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्राखाली सापडलंय ना हे?

पर्थचा पाहुणा
हो, २००६ च्या मोहिमेत, 'जॉइडेस रेझोल्यूशन' जहाजावरून. चिखलाच्या भेगांमध्ये भरलेलं बर्फ.

वऱ्हाडी ठेचा
भरलेलं बर्फ? भरलेला बर्फ. तो बर्फ.

तुपाळ
आमच्याकडे ते बर्फ. "बर्फ वितळलं."

शुद्धमती
दोन्ही चालतात, पण एका लेखात एकच.

मुठाकाठ
लेख उद्या द्यायचाय. तूर्त वाक्यांत 'कणी धरणे', आलेखावर 'केंद्रकीभवन'. मेमरी इफेक्टची जागा रिकामी आहे. कोणी सुचवेल का?

वऱ्हाडी ठेचा
लहानपणी गोळेवाला "बर्फ संपला" म्हणायचा का "बर्फ संपलं"? सांगा बरं.