बुद्धिबळाचं इंजिन: सी++ की दुसरं काही?

अडीचघर: बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, म्हणजे इंजिन, लिहितोय. त्यातला चाली काढणारा भाग पायथॉनमध्ये पूर्ण झाला. सुरुवातीच्या पटापासून दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चालींचे सगळे शक्य क्रम मोजले तर ४८,६५,६०९ हा आकडा बरोबर येतो, पण त्यासाठी ताटकळत बसावं लागतं. आता नव्याने लिहायचंच आहे, तर सी++ शिवाय पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. स्टॉकफिश हे नावाजलेलं इंजिन त्यातच आहे, लीला हे दुसरं इंजिनही. पटाची ६४ घरं, घराला एक बिट अशी, ६४ बिटांच्या एका आकड्यात मावतात, तिथे भाषेने मध्ये लुडबुड करू नये.

उंटतिरका: अजिबात पटत नाही. सरासरी ३५ चाली धरल्या तर सहा चालींच्या खोलीवर जवळपास १८४ कोटी स्थिती होतात. अल्फा-बीटा छाटणीत, म्हणजे निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या न तपासता सोडण्यात, चालींचा क्रम उत्तम लागला तर त्याच सुमारे ८६ हजारांवर येतात. हा फरक कुठला कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) देणार आहे? स्टॉकफिश १२ मध्ये, २०२० साली, शोगीतून (जपानी बुद्धिबळातून) आलेलं एनएनयूई, म्हणजे स्थितीचं मोल ठरवणारं न्यूरल नेटवर्क, घेतलं. सेकंदाला तपासायच्या स्थिती कमी झाल्या, तरी ताकद वाढली. जावा घे. ६४ बिटांच्या आकड्यातले १ असलेले बिट मोजायला तिथेही प्रोसेसरची एकच सूचना वापरली जाते. प्रत्येक चालीसाठी ऑब्जेक्ट बनवू नकोस, ६ बिट कुठून, ६ कुठे, ४ बढती वगैरे, असं इंटमध्ये (एका पूर्णांकात) भर. मग नको असलेली मेमरी साफ करणारा जावाचा गार्बेज कलेक्टर वाटेला जात नाही.

अडीचघर: छाटणी काय, सगळेच करतात. ती सारखी असेल तेव्हा वेगवानच खोल जाणार. आणि एनएनयूई परवडतं ते एव्हीएक्स२ सारख्या, एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनांमुळे. त्या वापरू देणारा जावाचा व्हेक्टर एपीआय वर्षानुवर्षं इनक्युबेटरमध्येच, म्हणजे प्रायोगिक अवस्थेतच, आहे.

प्यादं_पुढे: वेग हवा, मान्य. मग रस्ट ही भाषा का नको? किलर चालींचा (आधी छाटणी घडवलेल्या, म्हणून पुन्हा आधी तपासायच्या चालींचा) तक्ता ६४ खोलीचा ठेवलास आणि शहाला शोध वाढवता वाढवता ६५ वर गेलास, तर सी++ गुपचूप शेजारच्या जागेवर लिहितं. इंजिन खेळत राहतं आणि मध्येच घोडा फुकट देतं. कारण शोधताना रात्र जाते! रस्ट तिथल्या तिथे ओळ क्रमांक सांगून थांबतं. घराच्या क्रमांकाला ६३ ने अँड केलंस, म्हणजे तो ० ते ६३ मध्येच राहील असं केलंस, तर ६४ घरांच्या तक्त्यावरची ती तपासणीही कंपायलर काढून टाकतो.

उंटतिरका: पण नियमांच्या चुका रस्टलाही दिसत नाहीत. पांढरा राजा ए५, प्यादं बी५, काळा हत्ती एच५, मधली घरं रिकामी. काळ्याने सी७-सी५ केलं. पांढऱ्याने एन पासां घेतलं, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं ते शेजारचं प्यादं जाता जाता मारलं, की पाचव्या ओळीतली दोन्ही प्यादी एकदम जातात आणि राजा शहात येतो. अशा चुकांवर जास्त वेळ जातो, म्हणून ज्या भाषेत हात बसलाय तीच घ्यावी.

अडीचघर: माझा हात सी++ वरच बसलाय! तक्त्याचा मुद्दा मात्र खरा आहे. चाचण्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या अशा चुका पकडणारं साधन) लावूनच चालवीन आणि एन पासांची ही स्थितीही त्यात घालतो.